अनोळखी माणसासोबत एक डाव

आमच्या घरात बुद्धिबळाचं घड्याळ म्हणजे दोन पालथ्या वाट्या होत्या. चाल झाली की आपल्या उजव्या हाताशी ठेवलेली स्टीलची वाटी बोटांनी ठोकायची, टण्ण आवाज व्हायचा, आणि मग समोरच्यानं विचाराला लागायचं. खरं घड्याळ आम्ही दोघींनीही कधी पाहिलं नव्हतं. स्पर्धेत चाल खेळल्यावर घड्याळाची कळ दाबावी लागते आणि ती दाबायला विसरलं तर आपलाच वेळ जात राहतो, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. हाताला सवय लागावी म्हणून हा उद्योग. सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं आटोपली, आई पदर तोंडावर घेऊन आडवी झाली, की स्वयंपाकघरात हा आवाज सुरू व्हायचा. भिंतीपलीकडे आमचं किराणा दुकान. गुळाच्या भेल्या, सरकीच्या ढेपेची पोती, तागडीत पडणाऱ्या तुरीच्या डाळीचा सरसर आवाज, रस्त्यावरून वर्धेकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न, आणि या सगळ्यात आतून येणारं टण्ण, टण्ण. बाबा गादीवरून ओरडायचे, "अरे, आरती झाली का नाई अजून? परसाद घेऊन या म्हना बाहीर." गिऱ्हाइकं हसायची. वहिनी तोंडात पदर धरून हसायची आणि हसता हसता माझा उंट मारून वाटी ठोकायची.

वहिनीला जाऊन आता वर्ष होत आलं. तिच्याबद्दल लिहावं असं दादानं सुचवलं नाही, कोणीच सुचवलं नाही. मीच बसते सकाळी चहा झाल्यावर. अर्धं पान होतं, मग मी खिडकीतून बाहेर बघत राहते. तिच्या आजाराचं मला लिहायचं नाही. ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मला ती वाटी ठोकणारी वहिनी लिहायची आहे, कारण ती पाहणारी आता मीच एकटी उरले आहे.

मी तेव्हा वर्धेच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनीस होते. आमच्या गावाहून, सेलूहून, सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या बसनं यायचं. एम. ए. झालेलं, लग्न जमत नव्हतं, आणि त्याबद्दल घरात बोलणंही हळूहळू थांबलं होतं. ग्रंथालयात एका खालच्या फळीवर बुद्धिबळाचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. ते कोणी नेत नसे. मी नेलं आणि परत करायचंच विसरले, म्हणजे दर पंधरवड्याला माझ्याच नावावर पुन्हा नोंदवत राहिले. शाळेत बक्षीस मिळालेला एक घडीचा पट माझ्याकडे होता. तो मांडून पुस्तकातले डाव एकटीच खेळत बसायचे. अशीच एका रविवारी दुपारी बसले होते. नवी नवरी म्हणून घरात येऊन वहिनीला जेमतेम सहा महिने झाले असतील. ती परातीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो उंट गेला तुहा."

मी पुस्तक बघितलं. चार चालींनंतर उंट खरोखरच जात होता.

"तुला येतं?" मी विचारलं.

"आजासोबत खेळो मी. अल्लीपूरले. त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू होता ना, त्याले पट दिसेच ना. तो खाटेवर पडल्या पडल्या सांगे, घोडा इकडं टाक, प्यादं तिकडं सरकव. समोर गावातले म्हातारे बसत. मी आजाचे हात." तांदळातला खडा तिनं अंगठ्यानं उडवला. "मंग म्हातारे मेले एकेक. मंग आजा मलेच म्हणे, तू खेळ माह्यासोबत."

तिला पट बघायची गरजच पडत नसे, हे मला नंतर कळलं. तव्यावर पोळी टाकत ती पाठमोरी चाल सांगायची आणि मी दोघींची मोहरी हलवायचे. कढीगोळ्याच्या दिवशी मात्र खेळ बंद, कारण कढीत सोडलेला डाळीचा गोळा फुटला की आई तिच्याकडे बघे.

तिचे नियम वेगळे होते. आजाच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर चाले. मी दोन घरं टाकलं तर तिनं माझा हात धरला. "काऊन पळते ते? त्याले काय बस पकडाची आहे?" राजा आणि हत्ती एका चालीत जागा बदलतात, हे तिला पटायला दोन दिवस लागले. "राजा हत्तीच्या मांगं लपते म्हना ना सरळ." पण एकदा पटलं की पटलं. आठवडाभरात ती माझ्यापेक्षा सफाईनं राजा लपवू लागली. एकच गोष्ट तिची निराळी राहिली, आणि ती मला खोडीच वाटत असे. मी हरत आले, माझ्याकडे राजा, दोन-तीन प्यादी आणि एखादा घोडा उरला, की तो घोडा ती मारत नसे. समोर फुकट उभा असला तरी नाही. त्याच्या आजूबाजूनं फिरून ती माझ्या राजाला मात द्यायची.

"घे ना तो, काय सतावते," मी एकदा चिडून म्हणाले.

"शेवटचं मोहरं कसं घेऊ? बुर्जी होते."

म्हणजे काय, ते तिनं सांगितलं. आजाच्या खेळात समोरच्याजवळ राजा सोडून एक तरी मोहरं उरलं पाहिजे. प्यादी त्यात धरायची नाहीत. शेवटचं मोहरं मारलंत, की त्याची बुर्जी झाली, डाव बरोबरीत सुटला. जिंकत आलेला डाव हातचा गेला, आणि वर म्हातारे हसत. "आजा म्हणे, नंगा करून कोणी जिंकत नाई. त्याच्या हाती कायतरी असू द्या, आन मंग मारा." मला ते इतकं आवडलं की नव्या खेळात असं काही नसतं, हे सांगायचं मनातही आलं नाही. ती अशीही जिंकतच होती.

मी पुस्तकातून शिकत होते आणि ती माझ्या चुकांतून. पुस्तकातली एखादी युक्ती मी दिवसभर घोकून यायचे, संध्याकाळी तिच्यावर टाकायचे, एकदा चालायची. दुसऱ्या दिवशी तीच युक्ती ती माझ्यावर टाकायची, थोडी सुधारून. महिन्याभरात मी दहा डावांत एखादा जिंकले तर जिंकले. एका दुपारी तसा जिंकल्यावर मी नाचायचीच बाकी होते. पण वहिनी नुसती पट बघत होती.

"काय झालं?"

"मी आजासोबत खेळली, तुह्यासोबत खेळली," ती म्हणाली. "दोघंबी घरचे. घरचे लोक हरतात तं समजत नाई, आपण जिंकलो का त्यायनं जिंकू देलं. मले एकडाव अनोळखी माणसासोबत खेळून पाह्यचं आहे, मीना. ज्याले माह्यं नाव बी माईत नाई, अशासोबत."

तिनं हे सहज म्हटलं, आणि लगेच उठून चहा ठेवला. पण त्या दिवसापासून मला त्या एका गोष्टीची ओढच लागली. स्वतःसाठी मी आयुष्यात फारसं काही मागितलं नाही. तो स्वभावच नव्हता. हे मात्र मला व्हायला हवंच होतं.

त्याच सुमारास वर्धेत, ग्रंथालयाच्या वाटेवर, एका औषधाच्या दुकानावर सायबर कॅफे उघडला. अरुंद जिना, वर प्लायवूडच्या खोप्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा, आणि जोडणी होताना यंत्रातून येणारा तो कण्हल्यासारखा लांब आवाज. मी तिथे पुस्तकांची माहिती शोधायला म्हणून गेले आणि बुद्धिबळ खेळू लागले. समोर जगातला कोणीही माणूस. नावाच्या जागी काहीतरी अक्षरं, शेजारी छोटा झेंडा आणि एक आकडा. जिंकलं की आपला आकडा वाढायचा. बस सुटायच्या आधी दोन डाव तरी व्हायचेच. बसमध्ये बसल्यावर डोळ्यांसमोर चौकटी नाचायच्या. आकडा वाढत होता, मी भराभर खेळायला शिकले होते, आणि एक दिवस मनात आलं, अनोळखी माणूस हवा आहे ना वहिनीला, इथे तर अनोळखी माणसांचं गावच आहे.

दिवाळीचं कापड घ्यायला दोघी वर्धेला गेलो तेव्हा मी तिला त्या जिन्यानं वर नेलं. पडद्याच्या आत एकच खुर्ची. मालकानं एक स्टूल दिलं. वहिनीनं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि दाराच्या पडद्याकडे पाठ करून बसली. माउस माझ्या हातात, चाली तिच्या. समोरच्याच्या झेंड्याचा देश आम्हा दोघींना ओळखता आला नाही.

"हा आता काय करून राह्यला?" तिनं विचारलं.

"विचार करतोय."

"कशावरून? जेवून बी राह्यला असंन."

वीसेक चालींत तिनं त्याचा वजीर पकडला. पुढच्या क्षणी संगणकाच्या पडद्यावर अक्षरं आली की समोरचा खेळाडू निघून गेला आहे, तुम्ही जिंकलात. मी तिच्या मांडीवर चापट मारली. आकडा वाढला होता, मी तो बोटानं दाखवला. वहिनी त्या रिकाम्या पटाकडे बघत राहिली.

"गेला?"

"गेला. हरला."

"चिडला का भेला? का लाइट गेली त्याच्याकडची?" तिनं कापडाची पिशवी उचलली. "नाई ना बावा. मले तोंड दिसलं पाहिजे. लेकरू होतं का म्हातारं होतं, तेबी समजलं नाई. याले काय खेळनं म्हणाचं."

जिना उतरताना मला थोडा रागच आला होता. आज मी रोज रात्री फोनवर खेळते. हैदराबादचे, ब्राझीलचे, कुठकुठले लोक येतात, हरतात, जातात. खेळ पूर्वीपेक्षा चांगला झाला आहे माझा, यंत्र चुका दाखवतं, आणि मला ते सगळं मनापासून आवडतं. तरी एखादा डाव अर्ध्यात टाकून कोणी निघून गेला की मी अजूनही त्या रिकाम्या पटाला विचारते, चिडला का भेला?

मग ग्रंथालयाच्या फलकावर ती जाहिरात लागली. वर्धेत, एका मंगल कार्यालयात, एक दिवसाची खुली स्पर्धा. स्त्री-पुरुष, लहान-मोठे, कोणीही. मी ती उतरवून घेतली आणि संध्याकाळी दुकानात जाऊन बाबांसमोर ठेवली. दिवस नेमका सेलूच्या बाजाराचा होता. बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसे, आणि हमालांसकट पंधरा माणसांचं जेवण वहिनीच्या हातचं असे.

बाबांनी कागद लांब धरून वाचला. "म्हणजे हे जे टण्ण टण्ण चालू राह्यते, त्याचं कॉम्पिटिशन आहे?"

वाट्या अजून सुरू झाल्या नव्हत्या तेव्हा; हे वाक्य बाबा नंतर म्हणाले असणार. आठवणी अशा एकमेकींत शिरतात. त्या दिवशी ते म्हणाले एवढं नक्की आठवतं, "आन सैपाक?"

आतून आईचा आवाज आला. "मी काय मेली का? जाऊ द्या तिले. रोज माह्यापुढं प्यादं, उंट, प्यादं, उंट. जाऊन येईन तं घरात भाजीची गोष्ट तं निघन."

दादा तोलत होता. तागडीवरची नजर न हटवता तो वहिनीला म्हणाला, "हरून येजो नको फक्त. इथं मले लोकं रोज विचारतीन."

"मंग तुमीच चला माह्या बदली," वहिनी दारातून म्हणाली, आणि सगळं दुकान हसलं.

स्पर्धेच्या सकाळी अंधारातच तिनं पोळ्या, आलूची कोरडी भाजी आणि लसणाची चटणी असा डबा भरला. बसमध्ये तिनं माझा हात धरून ठेवला होता आणि तो गरम लागत होता. पवनारचा पूल गेला, नदीवर धुकं होतं. "मीना," ती म्हणाली, "पोटात असं होऊन राह्यलं जसं लग्नाच्या दिवशी झालतं." आणि लगेच, "त्याहून जास्त."

कार्यालयात लांबच लांब टेबलं मांडली होती, त्यांवर लग्नातलीच पांढरी कापडं. आदल्या दिवशीच्या जेवणावळीचा वास भिंतींना अजून होता. प्लॅस्टिकचे गुंडाळायचे पट, आणि प्रत्येक पटाशेजारी ते घड्याळ, दोन तोंडांचं, वर दोन कळा. वहिनीनं कळीवर हळूच बोट ठेवून बघितलं. शंभराच्या आसपास माणसं असतील; बायका आम्ही धरून पाच-सहा. पंच म्हणजे कुठल्याशा शाळेतले व्यायामशिक्षक, गळ्यात शिट्टी, जी त्यांनी दिवसभरात एकदाही वाजवली नाही.

माझं काय झालं ते आधी सांगून टाकते. पडद्यावर घोडा चपटा असतो. इथे मोहरी उभी होती, एकामागे एक दडत होती, आणि तिरपा जाणारा उंट मला दिसेचना. पडद्यावर एखादं मोहरं ओढून नेलं आणि मन बदललं तर जागेवर परत ठेवता येतं, इथे मी वजीर उचलला, चूक दिसली, परत ठेवला, आणि समोरचे गृहस्थ नम्रपणे म्हणाले, "ताई, हात लावला, आता वजीरच खेळा." खेळले, गेला. दुसऱ्या डावात घड्याळाची कळ दाबायला विसरले, कारण सायबर कॅफेत ती आपोआप दाबली जाते. घरातल्या वाट्या मीच शोधून काढल्या होत्या आणि विसरलेही मीच. पण मला वाईट वाटत नव्हतं. सगळ्या हॉलभर टक, टक, टक, कोणी श्वास सोडतंय, कोणी पाय हलवतंय, कोणाच्या चहाच्या कपाचा आवाज. दोन हातांवर माणूस बसलेला, त्याच्या कपाळावरची शीर दिसतेय. इतकी वर्षं पुस्तकात पुरलेला खेळ असा घाम गाळत समोर बसला होता.

वहिनी पहिला डाव जिंकली, दुसरा जिंकली. वाटीच्या सवयीनं ती कळ अशी ठोकायची की पंच दोनदा येऊन म्हणाले, "ताई, हळू. घड्याळ आमचं नाही, मागून आणलंय." तिसरा हरली, चौथा जिंकली. प्रत्येक डाव संपला की ती धावत माझ्याकडे यायची. "ते लाल शर्टवाले पाह्यले का? हरल्यावर हसून राह्यले होते, पण कान लाल झालते, कान!" दुपारी चिंचेखाली डबा उघडला तर तिला घास जाईना. चटणीचं बोट चाटत ती समोरच्या भिंतीवर नजर लावून मागचा सगळा डाव चालीमागून चाल सांगत होती.

जेवणानंतरच्या फेरीत तिची गाठ भिसीकरांशी पडली. नागपूरचे भिसीकर, पन्नाशीचे, सफारी घातलेले, सोबत स्वतःचा थर्मास. आसपासच्या सगळ्या स्पर्धा ते खेळत, बहुतेक जिंकत, आणि त्या दिवशी एकही डाव हरले नव्हते. माझा डाव शेजारच्याच टेबलावर होता आणि मी तो लवकरच हरले, त्यामुळे खुर्ची वळवून बसले. भिसीकर सुरुवातीला चाल खेळून उठायचे, दुसऱ्यांचे डाव बघायला फिरायचे. वहिनी मान खाली घालून बसलेली. अर्ध्या तासानं ते फिरायचे थांबले. मग त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतायचा विसरले. मग मागे माणसं जमू लागली.

मी पट बघितला. वहिनीकडे राजा, हत्ती आणि दोन प्यादी. भिसीकरांकडे राजा, घोडा आणि एक प्यादं. आणि घोडा फुकट उभा होता. पटाच्या कडेला, कोणाच्याही आधाराविना, वहिनीच्या हत्तीच्या सरळ रेषेत. हत्ती उचलायचा, घोडा घ्यायचा, बस. पुढचं एखादं लेकरूही जिंकलं असतं. भिसीकरांना ते दिसलं होतं. मोहरं जागेवर सरळ करण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि त्यांची बोटं कापत होती, इतकी की राजा कलंडला. त्यांनी माफी मागून तो उभा केला.

वहिनीनं घोड्याकडे बघितलं. मग नजर उचलून त्यांच्या राजाकडे बघितलं. आणि मला कळलं, की ती तो घेणार नाही.

शेवटचं मोहरं होतं ते. तिच्या हिशेबात तो घोडा घेणं म्हणजे जिंकलेला डाव मोडणं. मी उभी राहिले. बोलायची सोय नव्हती; कोणीही डावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे पंचांनी सकाळीच बजावलं होतं. मी खोकले. पंचांनी माझ्याकडे बघितलं. वहिनीनं हत्ती उचलला, घोड्याच्या बाजूनं नेला, आणि राजाची वाट अडवून ठेवला. टक्क. चाल सुंदर होती. घोडा जागेवर राहिला असता तर आणखी तीन चालींत मात होती, आजाच्या पद्धतीची, समोरच्याच्या हातात काहीतरी असताना दिलेली. मागून कोणीतरी "अरे" म्हणालं.

भिसीकरांनी घोडा उडवला आणि शह दिला, आणि त्याच घोड्याच्या टापेखाली वहिनीचा हत्तीही आला. राजा हलवणं भाग होतं, हत्ती गेला. त्यानंतर वहिनी जे खेळली ते मी पुढे अनेकांना मांडून दाखवलं आहे. दोन प्याद्यांनिशी ती लढली. त्यांचं प्यादं तिनं राजानं खाल्लं, एक प्यादं पुढं रेटून त्यांचा राजा तिकडे ओढला, आणि दुसरं शेवटच्या घरापाशी नेलं, तेव्हा भिसीकरांना त्या प्याद्यावर घोडा देऊन टाकण्यावाचून मार्ग उरला नाही. पहिलं प्यादं त्यांच्या राजानं आधीच टिपलं होतं. पटावर दोन राजे राहिले.

"बरोबरी," पंच म्हणाले.

वहिनीनं पटाकडे बघितलं. "ही तं दोघायची बुर्जी झाली," ती म्हणाली.

भिसीकरांनी रुमालानं मान पुसली. "ताई, तो घोडा का नाही घेतलात?"

"शेवटचा होता ना."

"मग?"

"मंग बुर्जी झाली असती."

त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर ते जवळजवळ चिडले. "अहो, इथे ते बुर्जी-फुर्जी काही नसतं. सगळं मारायचं. सगळं! तो घोडा घेतला असतात तर मी तिथेच हात मिळवला असता."

"खरं?"

"खरं म्हणजे काय? हरलो होतो मी. पूर्ण."

"पूर्ण," वहिनी म्हणाली. मला वाटलं आता तिचे डोळे भरतील. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं वळून बघितलं तर तिचा चेहरा असा फुलला होता जसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतर तिच्या दोन्ही मुलांच्या वेळीच पाहिला. "आयकलं का, मीना? पूर्ण हरले होते म्हणे. आन हात पाह्यला का त्यायचा? कापून राह्यला होता." भिसीकर तिथेच उभे आहेत याचं तिला भानच नव्हतं. त्यांनी थर्मास उचलला, आणि जाताना का कोण जाणे, तिच्याकडे बघून मान लववली.

शेवटची फेरी उरली होती. बसला वेळ होता. मी तिच्यासोबत टेबलापर्यंत गेले, तिला पाणी दिलं, सांगू लागले की हे बघ, आता लक्षात ठेव. तिनं मला मध्येच थांबवलं. समोरची खुर्ची अजून रिकामी होती आणि ती आपली मोहरी बोटानं एकेक नीट करत होती.

"तू बाहीर जा," ती म्हणाली.

"का? मी बसते ना मागे. बोलणार नाही."

"नाई. तू खोकलती मघा. मले आयकू आलं, आन माह्या डोक्यात घरच आलं, दुपार आली, वाट्या आल्या." तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे. "आता घरचं माणूस जवळ नको. हा एक डाव मले एकटीले खेळू दे."

मी बाहेर आले. पायऱ्यांवर बसले. आतलं काही दिसत नव्हतं, तिच्या हाताखालचं घड्याळ मात्र इतरांपेक्षा वेगळं ऐकू येत होतं. ठक्क. बराच वेळ काही नाही. ठक्क. चिंचेवर पोपट गोंधळ घालत होते, समोरून सायकली जात होत्या, आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते, परीक्षेच्या निकालालासुद्धा मी अशी बसले नव्हते. मग ठक्क, ठक्क, ठक्क, एकामागून एक, आणि शांत.

थोड्या वेळानं एक तरुण बाहेर आला. चष्मा, खांद्याला झोळी, कॉलेजातला असावा. पायऱ्यांवर वाट बघणाऱ्या मित्राजवळ जाऊन तो धपकन बसला.

"काय झालं बे?"

"खतम केलं ना बे. एक घोडा नाई ठेवला, एक प्यादं नाई ठेवलं. सगळं पुसून काढलं बाईनं, मंग आरामात मात देली." तो हसायला लागला, हरलेला माणूस कधी कधी हसतो तसा. मग त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुम्ही सकाळपासून आहे ना इथं? त्या बाई कोण आहेत हो? कुठल्या?"

मी उठून दारातून डोकावले, आत वहिनी दिसली. कागदावर सही करत होती, पदर खांद्यावर घसरला होता आणि तिनं तो वर घेतला नव्हता.

"काय माहीत," मी म्हणाले. "मी ओळखत नाही त्यांना."